शनिवारच्या मुक्कामी कयाक सफरीबद्दल

सर्व सभासदांना,

शनिवारी सकाळी 7 वाजता काठावर हजर राहा. लाइफ जॅकेट अंगात, बकल लावलेलं. पायाशी ठेवलेलं जॅकेट नसल्यातच जमा.

रात्र हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायच्या झोळीत, काढायची आहे, म्हणून मुद्दाम सांगते: थंडी वाजते ती पाठीखालून. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत हवा उरत नाही, मग ऊबही नाही. फोमची चटई किंवा अंडरक्विल्ट (हॅमॉकच्या खालून बांधायची रजई) आणाच. मागच्या खेपेला "उन्हाळाच तर आहे" म्हणत मी चटई घरी ठेवली आणि पहाटे 3 वाजता शेकोटीपाशी कुडकुडत बसले. झाडाला बारीक दोरी नको, ती सालीत रुतते, निदान 2.5 सेंमी रुंद पट्टे हवेत. पट्ट्याचा उतार साधारण 30 अंश. हॅमॉक ताठ बांधू नका. वाळकं झाड टाळा, वर सुकी फांदी लटकत नाही ना तेही बघा.

कयाक वर ओढून झाडाला बांधायच्याच. वरच्या अंगाला पाऊस झाला तर रात्रीत पाणी चढतं. झुडपांत अडकलेला काडीकचरा म्हणजे जुन्या पुराची खूण. मुक्काम त्याच्या बराच वर.

ड्रायबॅगचं (पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीचं) तोंड 3 घड्या घालून मगच बंद करा. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवावं.