आयल्टनची उरलेली गोष्ट

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन आला, आवाजही बरा वाटला. आईला म्हणालास म्हणे, "आण्णांना सांग, राग धरू नका." राग कसला धरतोय? जेवताना जे बोललो ते बोललो. आक्का मध्ये पडली नसती तर आणखी बोललो असतो, त्यामुळं ती पडली हे बरंच झालं. फोनवर माझं आणि तुझं जमत नाही. दोन वाक्यांत माझा आवाज चढतो आणि तू नुसतं 'हं, हं' करायला लागतोस. म्हणून हे पत्र.

गोवा सोडून मलप्पुरमच्या फुटबॉल क्लबशी तू केलेल्या कराराबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

सोबत कांदा-लसूण चटणी आहे. बरणीचं तोंड आईनं मेणकापडानं बांधलंय, ते सुरीनं कापू नकोस, सोडव. शेंगदाण्याचे लाडू आक्काचे. पिशवी घेऊन येणारे गृहस्थ विट्याकडचे गलाईवाले, दाजींच्या ओळखीतले. कोळिकोडला त्यांचं सोनं-चांदी आटवायचं दुकान आहे. खानापूर-आटपाडीकडच्या दुष्काळानं ही माणसं देशभर पांगली, पण जिथं गेली तिथं भट्टी लावून बसली. यांच्या वडिलांनी मिसरूड फुटायच्या आधी गाव सोडलं, आता घरात नातवंडं मल्याळममध्ये भांडतात. सणासुदीला त्यांच्याकडं जात जा. माणूस गेला आणि टिकला याचं उदाहरण म्हणून नाही सांगत. जेवायला मिळेल म्हणून सांगतोय.

पण टिकला हे खरंच. अकरा महिन्यांचा कागद करून नव्हता गेला.

बघ, आलंच तोंडात. आता आलंय तर सांगून टाकतो. अकरा महिन्यांचा आपल्याकडं भाडेकरार असतो, तोही मालकाला भाडेकरू नको झाला तर काढता यावा म्हणून. तू फोटो पाठवलेली पानं मी चष्मा लावून दोनदा वाचली. पगार गोव्यापेक्षा चांगला आहे, नाही कोण म्हणतंय?

तुला आयल्टन आठवतो का? चौदा वर्षांचा होतास. निवड चाचणीतून परत पाठवला आणि वर एक साहेब म्हणाले, "पोट आत घे, मग ये." तू माळ्यावर जाऊन बसलास, जेवायला खाली येईनास. तेव्हा दाजींचा मोबाइल घेऊन मी वर आलो आणि तुला तो ब्राझीलचा गोलमटोल स्ट्रायकर दाखवला. पेठेत त्याला कोणी ओळखत नव्हतं. गल्लीत पोस्टर लागायचे रोनाल्डोचे, रोनाल्डिन्होचे. आयल्टनला ब्राझीलची पिवळी जर्सी कधी मिळालीच नाही, त्याचं पोस्टर कोण लावणार? मी मात्र रात्रपाळी नसली की केबलवर मिळेल तो फुटबॉल बघायचो, त्यात हा सापडला. मांड्या तालमीतल्या पैलवानाच्या, मान आखूड आणि पहिल्या दहा पावलांत बचावपटू मागं. जर्मनीत त्याला विजेचा गोळा म्हणायचे. तू विचारलंस, "आण्णा, हा जाडा आहे की नाही?" मी म्हणालो, आहे. त्यावर तू पहिल्यांदा हसलास.

8 मे 2004 ची ती म्युनिकची मॅच आपण किती वेळा पाहिली असेल! बायर्नच्या घरात जाऊन आयल्टनच्या वेर्डर ब्रेमेननं जर्मन लीगचं विजेतेपद नक्की केलं. ऑलिव्हर कानसारख्या गोलकीपरच्या हातातून चेंडू सुटला आणि क्लास्निचनं आत ढकलला. मग मधल्या फळीतल्या मिकूनं त्याच कानच्या डोक्यावरून अलगद उचलून टाकला. तिसरा आयल्टनचा. पस्तिसाव्या मिनिटाला 3-0, शेवटी 3-1. त्या मोसमात लीगमध्ये त्याचे 28 गोल. लीग आणि जर्मन कप दोन्ही ब्रेमेनला. जर्मनीच्या क्रीडा पत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडलं, परदेशी माणसाला तो मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला. एवढं दाखवून मी मोबाइल खिशात घातला. पुढचं मला माहीत होतं, पण चौदा वर्षांच्या पोराला तेवढाच आयल्टन पुरेसा होता.

आता तू तेवीस वर्षांचा आहेस. पुढचं ऐक.

ते 28 गोल मारत असताना त्यानं शाल्के या दुसऱ्या जर्मन क्लबशी करार केलेला होता. मोसम निम्मासुद्धा झाला नव्हता, तेव्हाच ठरलं होतं. ब्रेमेनचा करार संपत होता, शाल्केचा आकडा मोठा होता. शाल्केत तो पडला असं नाही, लीगमध्ये 14 गोल केले, संघ दुसरा आला. पण वर्षभरात तिथून निघाला. इस्तंबूलला बेशिक्ताशकडं गेला, मोसम पुरा व्हायच्या आत हँबुर्गला. मग बेलग्रेडचा रेड स्टार. मग झुरिकचा ग्रासहॉपर्स. मग डुइसबुर्ग, तो संघ खालच्या विभागात घसरला. मग युक्रेनमध्ये डोनेत्स्क, ऑस्ट्रियात आल्टाख, स्वतःच्या पराइबा राज्यातला कँपिनेन्से, चीनमधलं चोंगचिंग. आणि पुन्हा जर्मनी, पण उर्डिंगेनमध्ये, सहाव्या पायरीच्या लीगला. लिहिता लिहिता मला धाप लागली, त्या माणसाचं सामान बांधताना काय झालं असेल? 2012 मध्ये तर जर्मन टीव्हीच्या त्या कार्यक्रमात दिसला, ज्यात एकेकाळच्या नावाजलेल्या लोकांना ऑस्ट्रेलियाच्या जंगलात नेऊन बसवतात. ब्रेमेन सोडायला नको होतं, असं पुढं त्यानंच अनेकदा बोलून दाखवलंय.

म्हणशील, म्हाताऱ्यानं घाबरवायला गोष्ट सांगितली. तसं नाही. मोजेइरू नावाच्या गावात जन्मलेलं पोरगं, ईशान्य ब्राझीलचा गरीब मुलूख. तिथून मेक्सिको, मेक्सिकोतून 1998 ला ब्रेमेन. जगात सगळ्यात जास्त फुटबॉलपटू बाहेर पाठवतो तो त्यांचा देश, पोरं विमानात बसतात ती घरचं छप्पर दुरुस्त व्हावं म्हणून. त्यानं पैसा का बघितला, हे मी त्याला विचारायचं? तिशी ओलांडलेला स्ट्रायकर, समोर शेवटचा मोठा करार. मीही सही केली असती. 2004 ला कतारवालेसुद्धा आमच्या देशाच्या संघाकडून खेळ म्हणून मागं लागले होते. देशाशी काही नातं नसताना असं खेळता येणार नाही, म्हणून फिफानं ते अडवलं. म्हणजे बघ, सगळं जग त्या एका वर्षात त्याच्या दारात उभं होतं.

मला खुपतं ते वेगळंच. ब्रेमेनमध्ये तो धावायला लागायच्या आधी मिकूचा पास निघालेला असायचा. मिकू त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हता. हे एका मोसमात होत नाही. सुट्टीला ब्राझीलला गेला की हा गडी ठरल्या दिवशी परतायचा नाही, तरी शाफ नावाच्या त्या कोचनं त्याला सांभाळून घेतलं, कारण कोचलाही माणूस कळायला वर्षं दिलेली होती. स्ट्रायकर एकटा कधीच गोल मारत नाही, लेका. मी राइट बॅक होतो, मला विचार. मागून चेंडू सोडणाऱ्याला तुझी धाव पाठ व्हावी लागते. आयल्टन जिथं जिथं गेला तिथं पाय तेच, पोट थोडं जास्त, पण धाव ओळखणारा कोणी नाही. आणि ओळखायला लागेपर्यंत हा विमानतळावर.

म्हापशाला तुझा तो डावखुरा हाफ होता. दुलेरच्या मैदानावर मी स्वतः पाहिलंय, त्यानं मान वर न करता टाकलेला चेंडू आणि तू तिथं. तसा कोणी मलप्पुरममध्ये भेटेल. नक्की भेटेल. पण त्याला तू कळायला आठ महिने लागले, तर उरले किती?

झालं, कीर्तन झालं. आई आत्ताच डोकावून म्हणाली, "पत्र लिहिताय की कोर्टात अर्ज करताय?" माफ कर. तिला हे वाचून दाखवणार नाही.

तुझं खरं सांगू? शाहू स्टेडियमवर तू पहिला गोल मारलास तेव्हा मी गॅलरीत नव्हतोच. फाउंड्रीत ओतकाम सुरू होतं, सुटी मिळाली नाही. शिफ्ट संपवून शिरोलीहून येताना ताराराणी पुतळ्यापाशी एक अनोळखी पोरगा मोटारसायकलवरून ओरडत गेला, तुझं नाव घेऊन! सायकल तिथंच स्टँडवर लावली आणि उसाचा रस प्यालो, दोन ग्लास. रसवाल्याला सांगितलं, माझा पोरगा आहे. त्यानं पैसे घेतले, पण लिंबू जास्त पिळलं.

म्हापशाची ती खानावळवाली मावशीसुद्धा तशीच. तू करार केलास हे कळल्यावर तिनं मला फोन केला. "पुता गेलो मरे," म्हणाली, आणि पुढं काही बोलेचना. मला वाटलं लाइन तुटली. परक्या गावात दुसऱ्याच्या पोरासाठी बांगडा तळून झाकून ठेवणारी माणसं कराराच्या कागदावर येत नाहीत, बंड्या. तुझ्या एजंटाला हे कळणार नाही. तो चांगला असेलही. पण त्याचा टक्का तू हललास की मिळतो, थांबलास की नाही, एवढं ध्यानात ठेव.

आयल्टनचं एक सांगायचं राहिलं. 2014 च्या सप्टेंबरात त्याचा निरोपाचा सामना झाला, कुठं, तर ब्रेमेनच्या वेझर स्टेडियमवर. सोडून गेल्याला दहा वर्षं झालेली, मधे सहाव्या पायरीपर्यंत उतरलेला, अंगानं आणखी सुटलेला. स्टेडियम भरलं, 40 हजारांच्या आसपास माणूस. आता याचा अर्थ काय लावायचा? मला एका दिवशी वाटतं, बघा, जिथं जीव लावला तिथं माणसं विसरत नाहीत, मग जग फिरून यायला हरकत काय. दुसऱ्या दिवशी वाटतं, 40 हजार माणसं इथंच होती तर हा दहा वर्षं कुठं हिंडत होता? अजून ठरत नाही. तू ठरव आणि मला सांग.

तिकडं सेव्हन्स नावाचा प्रकार आहे, तुला माहीत असणारच. भाताच्या कापलेल्या रानात लाकडी गॅलऱ्या बांधून सात-सात जणांच्या रात्रीच्या मॅचेस. पैसा रोख मिळतो, परदेशी खेळाडूपण येतात. कोणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नकोस. खडबडीत मैदान, आडदांड खेळ. गुडघा गेला तर क्लब म्हणेल आमच्या मॅचमध्ये गेला नाही. माझा गुडघा जिना चढताना कसा वाजतो, लहानपणी कान लावून ऐकायचास.

आणि क्लब म्हणजे तरी काय रे? मुंबईची महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय लीग जिंकलेली, 2010 ला मालकांनी बंद केली. पुढच्या वर्षी पंजाबची जेसीटी. गोव्याचे जुने क्लब 2016 ला आय-लीग सोडून गेले. 2025 ला तर खुद्द आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, वेळेवर सुरू होईना, मोठमोठे खेळाडू पगाराची वाट बघत घरी बसले. तुझी चूक नसताना हे होतं. म्हणून मी त्या रात्री रेल्वेचं बोललो. क्रीडा कोट्याला वयाची अट 25, त्यात सवलत नाही. हा करार संपेल तेव्हा तू चोविशी पार केलेला असशील. रेल्वेच्या संघाकडून खेळत खेळत नोकरी, मॅच नसली तरी पहिल्या तारखेला पगार. तू म्हणालास, "आण्णा, मला तिकीट तपासनीस नाही व्हायचं." नको होऊस. पण तिकीट तपासनीस रात्री झोपतो, हेही खरं आहे.

पुन्हा तेच लिहिलं. आता खोडत नाही, पान घाण होतं.

तिकडची भुईमुगाची नाही, खोबऱ्याची चव. पहिले काही दिवस पोट कुरकुरेल, ताक पी. अंगावर वजन येतंय म्हणून जेवण तोडू नकोस. त्या साहेबांचं ऐकून तू एकदा ते केलंयस आणि नवव्या मिनिटाला चक्कर येऊन पडलास. तू जसा आहेस तसा गोल मारतोस. पहिली मॅच कुठल्या ॲपवर दिसेल ते आक्काला कळव, ती टीव्हीला जोडून देईल. तालमीतली पोरं इथंच बसून बघणार म्हणतायत, आईनं मिसळीची तयारी सुरू केलीय. मॅच कधी आहे तेच अजून माहीत नाही, तरी मटकी भिजतेय.

तुझा,
आण्णा

ता. क. रेल्वेचा फॉर्म आक्कानं भरून ठेवलाय. फोटो तुझा जुनाच लावलाय, केस बरे असलेला. फक्त सही तुझी पाहिजे, म्हणून तो कागद लाडवांच्या डब्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलाय. करायची की नाही, तुझं तू ठरव. गलाईवाले महिनाअखेरीस परत येणार आहेत, त्यांच्याकडं दिलास तरी चालेल.