परदेशी राहणाऱ्या निवृत्त सभासदांसाठी: पेन्शन, सोशल सिक्युरिटी आणि कर

सभासदहो, देश सोडला म्हणून पेन्शनवरचा कर सुटत नाही. कर कुठे भरायचा हे दोन देशांमधल्या करारावर ठरतं. बहुतेक करारांत खासगी पेन्शनवर राहत्या देशात, तर सरकारी पेन्शनवर ती देणाऱ्या देशात कर लागतो. सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेचं, कलम मात्र करारागणिक बदलतं, ते आधी वाचा.

अमेरिकी नागरिकांनो, परदेशातल्या कमाईवरची सूट पेन्शनला लागू नाही. विवरणपत्राला १५ जूनपर्यंत मुदत मिळते, पण थकलेल्या करावर व्याज १५ एप्रिलपासूनच चढतं. जे नागरिक नाहीत, त्यांच्या सोशल सिक्युरिटीतून करारात सवलत नसल्यास २५.५ टक्के कापूनच रक्कम येते. सवलत असेल तर ती मागून घ्या, कृपया हक्काचे पैसे सोडू नका.