गुण वाढले, नोकरी सुटली

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला आतड्यांच्या दाहावरचा लेख वाचला. डॉक्टरांनी मेहनत घेऊन लिहिला आहे, त्याबद्दल आभारच. पण ३२ प्रश्नांत रुग्णाचे जीवनमान मोजता येते, हे वाक्य चौकटीत ठळक छापण्याआधी आपल्यापैकी कुणी ते ३२ प्रश्न वाचले होते का?

मी सोडवले आहेत, दोनदा. अल्सरेटिव्ह कोलायटिसची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाची, जुनी रुग्ण आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातली ती प्रश्नावली १९८९ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण. बेरीज २२४ च्या जितकी जवळ, तितके तुमचे बरे चालले आहे. विचारतात ते फक्त गेल्या दोन आठवड्यांचे. शौचालय सापडणार नाही या भीतीने किती वेळा त्रास झाला? मी 'कधीच नाही' वर खूण केली. खोटे काहीच नव्हते, त्या पंधरवड्यात मी घराबाहेरच पडले नव्हते. कुठे जायचे रद्द करावे लागले का? नाही. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला येणार नाही, हे आधीच कळवून मोकळी झाले होते. मग रद्द काय करणार? बेरीज पाहून डॉक्टर खूश. "छान सुधारणा आहे, ताई!"

त्याआधीचा फॉर्म भरला तेव्हा मी ठाण्याहून तुर्भ्याला नोकरीला जात होते. स्टेरॉइड बंद झाले होते, रक्त पडायचे थांबले होते, तपासण्या आजच्यापेक्षा चांगल्या होत्या. आणि गुण? आजच्यापेक्षा कमी. सकाळी चहाही न घेता निघायचे, कारण लोकलमध्ये संडास नसतो हे ठाणेकरांना मी सांगायला नको. एकदा कळ आली म्हणून मधल्या एका स्थानकावर उतरले, तर बायकांच्या बाजूला कुलूप. चावीवाली बाई जेवायला गेलेली. पुढचे लिहीत नाही. पर्समध्ये जादा सलवार असायची, म्हणून त्या दिवशी घरापर्यंत पोचले. वर बाकावरच्या एका काकूंचा सल्ला, "बाहेरचं खाऊ नये गं."

नोकरी सोडली आणि गुण वाढले. या हिशेबाने घराला बाहेरून कडी लावली तर मी २२४ पर्यंतही जाईन. कुलपाला गुण देणारा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही, आणि काय काय सोडून दिले, हेही कुणी विचारत नाही. लेखात मात्र शेवटी 'मानसिक ताण टाळा' आहेच. बरे, टाळते.

आणि लेखासोबतचे ते छायाचित्र कुणी निवडले? हसरी तरुणी, हातात कच्च्या कोशिंबिरीचा भला मोठा वाडगा! आजार उसळलेला असताना आम्हाला नेमके तेच बंद असते. डॉक्टरांना एक फोन करून विचारले असते तरी चालले असते. शिवाय पुरवणीचा टाइप इतका बारीक झाला आहे, की औषधांची नावे मुलाकडून वाचून घ्यावी लागली.

— एक वाचक, ठाणे (पूर्व)