म्युनिकच्या ताईंना, डब्यासकट

ताई, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तरी तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

गणपतीत आरतीनंतर मी प्रसादाला डावा हात पुढे केला. "उजव्या हातात घे गं," तुम्ही टोकलंत. मग माझा उजवा तळवा पाहिलात आणि गप्प झालात. पेरांवर भेगा, मधूनमधून रक्त. कणीक मळताना मीठ झोंबायचं, लिंबू पिळायचं तर नावच नको. ऑफिसात कुणी हात मिळवायला येऊ नये म्हणून मी उजव्या हातात कॉफीचा कप धरून हिंडायचे. खरूज आहे असं वाटलं लोकांना तर? तुम्ही एवढंच विचारलंत, "डॉक्टर?" आणि मी प्रसादाची वाटी तशीच धरून भडाभडा बोलत सुटले.

मूर्खपणा माझाच होता. ऑनलाइन अपॉइंटमेंट घेताना पहिला प्रश्न येतो, विमा 'गेझेट्झलिश' (सरकारी) की 'प्रिफाट' (खासगी)? सरकारी म्हणजे सरकारी दवाखाना, एवढंच डोक्यात. माझ्या विम्याच्या कार्डावरचं नाव तर एखाद्या कंपनीसारखं. दाबलं प्रिफाट. पुढच्याच मंगळवारची वेळ मिळाली, आणि काय देश आहे म्हणून मी आईला फोनसुद्धा केला! मंगळवारी काउंटरवरच्या बाईंनी कार्ड पाहिलं आणि सांगितलं, आम्ही हे घेत नाही, पैसे स्वतः भरणार का? घरी येऊन दुसरं बटण दाबलं, तर पहिली मोकळी वेळ थेट फेब्रुवारीत. महिना ऑगस्टचा होता. मग फोन केले. तीन ठिकाणी नवे पेशंट बंद, चौथ्या ठिकाणी नुसतं संगीत. दर महिन्याला पगारातून हप्ता कापला जातो, तेवढाच कंपनीही भरते, आणि मी मात्र उसने पैसे मागायला आल्यासारखी "सॉरी" म्हणत फोन ठेवत होते.

त्यावर तुम्ही अशा चिडलात की शेजारच्या काकूंनी वळून पाहिलं. "1883 पासून चाललेली व्यवस्था आहे ही. इथली दहातली जवळजवळ नऊ माणसं याच विम्यावर आहेत. लाजतेस काय?" मग नॅपकिनवर लिहून दिलंत. दवाखान्याची पाटी वाचायची. नुसतं 'प्रिफाट' असेल तर पुढे चालायचं, 'आले कासन' असेल तर थांबायचं, म्हणजे सगळे सरकारी विमे चालतात. (मला अजूनही ते वाचलं की चहातलं आलंच आठवतं.) त्याखाली डॉक्टरांची वेळ शोधून देणाऱ्यांचा नंबर, 116117, आणि एक शब्द दोनदा अधोरेखित: कोड.

त्या शब्दानेच काम झालं. नेहमीच्या डॉक्टरांकडून त्वचातज्ज्ञांसाठी चिठ्ठी तर मीही आणली असती. पण त्या चिठ्ठीवर तातडीचा बारा अक्षरी कोड मागून घ्यायचा असतो आणि तो असला की 116117 वाल्यांना चार आठवड्यांच्या आतली वेळ शोधून द्यावी लागते, हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर आपल्या पसंतीचा मिळत नाही, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत. मिळाला तो एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, शेवटच्या स्टेशनापाशी. पण सोळाव्या दिवशी! त्या नंबरवर बोलायची माझी हिंमत नव्हती, तेव्हा तुम्ही तुमच्या जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्या लाइनवर येऊन बसलात. माझं जर्मन अडखळलं की नुसतं "हं, पुढे" म्हणायचात. स्वतः एक वाक्य बोलला नाहीत. तेव्हा राग आला होता, आता नाही.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहायच्या आधी विचारलं, भांडी कशाने घासता? हाताचा एक्झिमा निघाला. साबण, गरम पाणी, आणि वर इथलं जड पाणी. एक स्टेरॉइडचं मलम थोडे दिवस, युरियाचं क्रीम रोज, रात्री सुती हातमोजे. औषधांची चिठ्ठी विम्याच्या कार्डावरच चढली, औषधाच्या दुकानात पाच युरो दिले. बस, एवढंच.

नोव्हेंबरात परत उठलं, तेव्हा तुमचा नॅपकिन उलटून पाहिला. मागे लिहिलं होतं, 'ओफेन श्प्रेखश्टुंड'. 2019 च्या कायद्यापासून त्वचातज्ज्ञांना आठवड्यातून किमान पाच तास अपॉइंटमेंटशिवाय पेशंट बघावे लागतात. सकाळी सव्वासातला दाराशी जाऊन उभी राहिले, थर्मासमध्ये चहा घेऊन. पुढे सहा जण. ससूनला आजीबरोबर केसपेपर काढायला उभी राहायचे त्याची आठवण झाली, फक्त इथे कुणी मध्ये घुसत नव्हतं आणि कुणी बोलतही नव्हतं. साडेनऊला मोकळी झाले.

परवा ऑफिसात नागपूरचा एक नवा मुलगा मान खाजवत बसला होता. त्याला नॅपकिनचा फोटो पाठवलाय. तुमचं अक्षर त्याला लागत नाही म्हणाला, तेव्हा खाली टाइप करून दिलं.

तुमचा मोदकांचा डबा अजून माझ्याकडेच आहे, विसरले नाही. रिकामा कसा परत करू? शनिवारी आणते. पातळ पोह्यांचा चिवडा केलाय, तुमच्या पित्तासाठी मिरची कमी घातली आहे. शेंगदाणे मात्र भरपूर.

तुमची,
डाव्या हाताने प्रसाद घेणारी