एक्सबॉक्सने आधी आपल्या जुन्या ग्राहकाकडे पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमिंग कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्राच्या, घटत्या विक्रीविषयी अलीकडे सातत्याने बातम्या येत आहेत, परंतु त्यावरची चर्चा बहुतेक अमेरिकेतील आकड्यांभोवतीच फिरते. नागपुरात सीताबर्डीवर कन्सोल आणि गेमच्या नव्या-जुन्या डिस्क यांची खरेदी-विक्री करणारा दुकानदार म्हणून या प्रश्नाची गिऱ्हाइकाकडून दिसणारी बाजू मला वाचकांपुढे ठेवायची आहे. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीची चिंता नागपूरकरांनी का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भावात आहे. पूर्वी कन्सोल जुने होत जाई तसतसे ते स्वस्त होई. सोनीचे प्रतिस्पर्धी यंत्र प्लेस्टेशन ५ मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच ५४,९९० रुपयांचे झाले. त्यामागे चलनाची आणि सुट्या भागांची कारणे असतीलही, पण शेजारच्या फळीवर तोडीस तोड दुसरे यंत्र मांडलेले असते तर भाव वाढवण्यापूर्वी कोणत्याही कंपनीने दोनदा विचार केला असता.

आजच्या घसरणीचे मूळ २०१३ सालात आहे. एक्सबॉक्स वन जाहीर करताना कंपनीने सांगितले होते, की यंत्राला दर चोवीस तासांतून एकदा इंटरनेटशी जोडले जावे लागेल आणि वापरलेल्या डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने राहतील. त्यावर इतका गदारोळ झाला की जूनमध्येच ते धोरण मागे घ्यावे लागले. परंतु खेळणाऱ्याच्या हालचाली टिपणारा किनेक्ट कॅमेरा यंत्रासोबत सक्तीने गळ्यात मारल्यामुळे त्याची अमेरिकेतील किंमत ४९९ डॉलर राहिली आणि प्लेस्टेशन ४ ची ३९९ डॉलर. भारतात त्यात उशिराची भर पडली. प्लेस्टेशन ४ येथे जानेवारी २०१४ मध्ये आले, तर एक्सबॉक्स वन सप्टेंबरमध्ये. आठ महिने ही वरकरणी किरकोळ गोष्ट वाटते, पण धरमपेठेतील किंवा मनीषनगरातील एखाद्या मित्रमंडळात पहिल्या मुलाने जे यंत्र घेतले तेच बाकीचे घेतात, कारण डिस्कची अदलाबदल त्यांना आपसातच करायची असते आणि रात्री एकमेकांसोबत खेळायचेही असते. त्या आठ महिन्यांत जी मंडळे एका बाजूला गेली, ती पुढे परत आली नाहीत.

मागे पडलेले यंत्र सावरता येते, याची उदाहरणे मात्र आहेत, आणि त्यांतले निन्टेंडो या जपानी कंपनीच्या थ्रीडीएसचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. २०११ च्या आरंभी आलेले हे हातात धरायचे यंत्र २५० डॉलरच्या किमतीमुळे खपेना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने किंमत एकदम १७० डॉलरवर आणली आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. किंमत कोणीही कमी करील. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्यांनी आधीच पूर्ण किंमत मोजून यंत्र घेतले होते त्यांना कंपनीने वीस जुने खेळ विनामूल्य दिले. आपल्यावर पहिला विश्वास टाकणारा माणूस फसवला गेल्याच्या भावनेने दूर जाऊ नये, याची ती काळजी होती. पाठोपाठ मारिओचे नवे खेळ आले आणि ते यंत्र अखेर साडेसात कोटींहून अधिक खपले.

सोनीचा मार्ग जवळपास असाच होता. २००६ मध्ये ४९९ आणि ५९९ डॉलरना आणलेले प्लेस्टेशन ३ लोकांना परवडेना, तेव्हा २००९ मध्ये त्याची सडपातळ आवृत्ती २९९ डॉलरना आली आणि स्वतःच्या स्टुडिओंमधून असे खेळ निघाले जे दुसऱ्या यंत्रावर मिळतच नव्हते. निन्टेंडोचे वी यू हे यंत्र अवघे १ कोटी ३६ लाखांवर थांबले आणि २०१७ मधील स्विच १५ कोटींच्या पुढे गेले, ते कंपनीने आपले सारे खेळ एकाच यंत्रावर एकवटल्यामुळे.

आता एक्सबॉक्सने काय केले ते पाहावे. ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेण्याचा ६८.७ अब्ज डॉलरचा व्यवहार जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पुरा झाला. परंतु त्या कंपनीचा सर्वांत लोकप्रिय खेळ, कॉल ऑफ ड्यूटी, प्लेस्टेशनवर आणखी दहा वर्षे देत राहण्याचा करार सोनीशी आधीच झाला होता. म्हणजे एवढी रक्कम खर्चूनही एक्सबॉक्स यंत्र विकत घेण्याचे नवे कारण ग्राहकाला मिळाले नाही. २०२४ पासून एक्सबॉक्सचे स्वतःचे खेळ इतर यंत्रांवर जाऊ लागले, २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ प्लेस्टेशनवर आला आणि हेलोदेखील तेथे येणार असल्याचे जाहीर झाले. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मधील जाहिरातींत फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा प्रत्येक वस्तूला एक्सबॉक्स म्हटले गेले. जास्त ठिकाणी खेळ विकून जास्त पैसा मिळतो, हा हिशेब व्यापारी या नात्याने मला समजतो आणि तो चुकीचाही नाही. पण मुलासाठी यंत्र घ्यायला आलेल्या पालकाने, हे सगळे खेळ दुसऱ्या यंत्रावरही मिळतात तर हेच का घ्यावे, असे विचारले की विक्रेत्याजवळ सांगण्यासारखे काही राहत नाही.

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न डिस्कचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्सचे सीरिज एक्स हे यंत्र ४९,९९० रुपयांना आणि सीरिज एस ३४,९९० रुपयांना आले. मध्यमवर्गीय घराला परवडणारे यंत्र अर्थातच दुसरे, पण त्याला डिस्क घालण्याची सोयच नाही. आपल्याकडे बहुतेक मुले एक गेम आणतात, तो पुरा करतात, दुकानात परत देतात आणि थोडी भर घालून दुसरा नेतात. एकेका गेमला चार-पाच हजार लागणारा हा छंद सामान्य घरात टिकतो तो या व्यवहारामुळेच. सीरिज एसच्या ग्राहकाला हा मार्ग बंद असला तरी त्या बदल्यात गेम पास ही महिन्याची वर्गणी भरून अनेक गेम खेळण्याची योजना होती, आणि ती खरोखर उत्तम होती. मी स्वतः अनेकांना तिची शिफारस केली आहे. परंतु तिच्या अल्टिमेट प्रकाराचा दर ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याला ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपयांवर नेण्यात आला. नवे मोठे खेळ पहिल्या दिवसापासून हवे असतील तर तेव्हा हाच प्रकार घ्यावा लागे. त्या दराने वर्षाचे १६,६६८ रुपये होतात, म्हणजे दोन वर्षांच्या वर्गणीत यंत्राची मूळ किंमत जवळजवळ पुन्हा भरली जाते. ज्याने डिस्क सोडून या योजनेवर भिस्त ठेवली, त्याला मागे फिरायला वाट नाही. थ्रीडीएसच्या पहिल्या ग्राहकांना मिळालेल्या वागणुकीच्या हे नेमके उलट आहे.

कंपनीजवळ एक मोठी जमेची बाजू अजून आहे, आणि तिचा गाजावाजा ती पुरेसा करत नाही, असे माझे मत आहे. २०१५ पासून तिने जुन्या एक्सबॉक्सचे खेळ नव्या यंत्रावर चालवण्याचे काम चिकाटीने केले. सीरिज एक्सवर पहिल्या एक्सबॉक्सच्या काळातल्या निवडक डिस्कही चालतात. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ च्या आधीच्या यंत्रांची डिस्क चालत नाही. ज्या घरात मोठ्या भावाच्या जुन्या डिस्क डब्यात पडून आहेत, त्या घरासाठी ही गोष्ट फार मोठी आहे.

दुरुस्तीविषयीही लिहिणे भाग आहे. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, घरोघरी कूलर चालू असतात, हवेत ओल आणि धूळ दोन्ही असते, आणि उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा सुरू होत असल्याने मुलांचा खेळ नेमका त्याच काळात सर्वांत जास्त चालतो. यंत्रे तापून बंद पडण्याचा हाच हंगाम. कन्सोल कोणत्याही कंपनीचे असो, दुरुस्तीसाठी ते शहराबाहेर पाठवून सुटी संपेपर्यंत वाट पाहणारे ग्राहक मी पाहिले आहेत, आणि तसा ग्राहक पुढच्या वेळी ब्रँड बदलतो. याच मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये, एक्सबॉक्स ३६० लाल दिवे लागून बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या तेव्हा, त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली होती आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली होती. तो दोष असतानाही ते यंत्र आठ कोटींच्या वर खपले, यात त्या निर्णयाचा वाटा निश्चितच होता.

म्हणून पुढचे यंत्र येईल तेव्हा त्याच्या स्वस्त आवृत्तीलाही डिस्कची सोय असावी, ते भारतात अमेरिकेबरोबरच विक्रीला यावे, आणि कंपनीचे स्वतःचे खेळ निदान पहिली दोन वर्षे केवळ त्याच यंत्रावर मिळावेत. त्यानंतर ते खुशाल सर्वत्र विकावेत. वर्गणी वाढवायचीच असेल तर जुन्या सभासदांचा दर ठरावीक मुदतीपर्यंत कायम ठेवावा. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत दुरुस्तीची अधिकृत केंद्रे उघडावीत, आणि ती दिवाळीच्या तोंडावर न उघडता मार्च संपण्यापूर्वी उघडावीत, म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात ती ग्राहकांच्या उपयोगी पडतील.

आपला विश्वासू,
एक गेम विक्रेता,
सीताबर्डी, नागपूर