दिवाळीच्या आवराआवरीत जुनी शाईपेनं भंगारात घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी तोंडावर आलीय, घरोघरी माळे उतरवायला सुरुवात होईल, म्हणून हे पत्र आत्ताच पाठवतेय, जमलं तर आवराआवरी संपायच्या आत छापा. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आजोबांच्या टेबलाच्या खणात कुठेतरी एक-दोन जुनी शाईपेनं निघतातच. कुणीतरी कागदावर ओढून बघतं, उमटत नाही, मग "बंद पडलंय" म्हणून ते रद्दी आणि डब्यांबरोबर भंगारवाल्याकडे जातं. पण त्यातली कितीतरी पेनं बंद पडलेली नसतातच हो, आत शाई वाळून बसलेली असते एवढंच.

गेली अकरा वर्षं मी जमेल त्या रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाते, पेनं शोधते, घरी आणून दुरुस्त करते. दोन वर्षांपूर्वी तिथे एका ताडपत्रीवर कुलुपं, किल्ल्या, घड्याळांचे पट्टे यांच्या ढिगात स्टीलच्या टोपणाचं एक मरून पेन दिसलं, टोपण काढलं तर पार्कर ५१. विकणारे काका म्हणाले, "निब तुटलीय ताई, म्हणून स्वस्तात देतोय, एकशे वीस द्या." निब तुटलेली नव्हती, या पेनाची निब झाकलेलीच असते. हे पेन १९४१ साली बाजारात आलं, तेव्हा पार्करने कागदावर झटकन वाळणारी शाई काढली होती, ती उघड्या निबेवर पण वाळायची, म्हणून निब आत घेतली आणि नुसतं टोक बाहेर ठेवलं. मी काकांना हे सांगितलं, त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि तरी एकशे वीसच घेतले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी येऊन वाटीत साधं गार पाणी घेतलं, पेनाचं पुढचं टोक तेवढं बुडवून रात्रभर ठेवलं. सकाळी बघते तर पाण्यात निळ्या शाईचे धागे उतरलेले, अगदी बारीक, हलताना दिसत होते. कुणी शेवटची भरली असेल ती शाई, कधी भरली असेल, काय लिहिलं असेल त्याने, मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. मग तीन दिवस आतली पिशवी दाबून पाणी ओढायचं, सोडायचं, परत ओढायचं, पाणी स्वच्छ यायला लागल्यावर शाई भरली आणि पहिल्याच ओढीला लिहिलं. १९४८ नंतरच्या ५१ मधली पिशवी रबराची नसते, प्लास्टिकची असते, त्यामुळे इतक्या वर्षांनी सुद्धा बहुतेक वेळा मऊच निघते. खटक्याच्या, म्हणजे दांड्यावरची छोटी पट्टी ओढून शाई भरायच्या पेनांमध्ये मात्र रबरी पिशवी असते, ती कडक होऊन वाळलेल्या शेंगेसारखी फुटते, तिचे तुकडे काढून नवी पिशवी लाखेने चिकटवावी लागते, पण तेही घरी जमण्यासारखं आहे.

घाई करू नका मात्र. गरम पाणी नको, एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं काळंभोर पेन गरम पाण्याने नाहीतर उन्हाने शेवाळी-तपकिरी पडतं. स्पिरिट नको. आणि घट्ट बसलेला भाग सुटत नाही म्हणून मेणबत्तीवर तर कध्धीच धरू नका, जुन्या सेल्युलॉइडच्या पेनाला आग पटकन लागते, सिनेमाची जुनी रिळं पेटायची तशी.

दुसरी कळकळीची विनंती सोन्याच्या निबेबद्दल. निबेवर १४ कॅरेट लिहिलेलं दिसलं की लोक ती उपटून सोनाराकडे नेतात. निबेत सोनं ते किती, जेमतेम दोन-चार गुंजा, आणि तेही निम्म्याच्या थोडं वर शुद्ध. तेवढ्यासाठी वर्षानुवर्षं एका माणसाच्या हाताने घासून त्याच्या अक्षराला बसलेलं टोक वितळवून टाकायचं? आमचे मास्तर सांगायचे आपलं पेन दुसऱ्याला देऊ नये, निब बिघडते, ते उगीच नव्हतं.

टोपणावर किंवा दांड्यावर नाव कोरलेलं असेल तर तेही जपा. मी एकदा निवृत्तीच्या वेळी भेट दिलेलं, नाव आणि तारीख कोरलेलं पेन एका ठिकाणी पॉलिशला दिलं, परत आलं ते आरशासारखं चकचकीत आणि नाव घासून गेलेलं. ते पेन आजही लिहितं, पण कुणाचं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आमच्या घरी तर याहून वाईट झालं, बाबा गेल्यावर त्यांची ट्रंक आम्ही न उघडताच देऊन टाकली, आणि महिन्याभराने आईला आठवलं की पेन आतच होतं. हे पेनांचं वेड मला त्यानंतर लागलं.

लोकांना वाटतं जुनं पेन म्हणजे परदेशीच. तसं नाहीये. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम पेनं १९३२ पासून हाताने बनतायत, गिरगावात दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरुवात केली त्याचं पुढे कॅमलिन झालं, आणि आपल्याकडे ड्रॉपरने शाई भरायची एबोनाइटची पेनं कितीतरी कारागिरांनी लेथवर घडवली, त्यांच्यावर कधीकधी नाव पण नसतं, म्हणून ती सगळ्यात आधी भंगारात जातात.

आणखी एक, ज्यांच्या घरात पूर्वी पेन दुरुस्तीचं दुकान होतं त्यांनी निबा, जिभा (निबेखालचा, शाई टोकापर्यंत आणणारा भाग), क्लिपांचे डबे कृपया वजनावर विकू नका. एका जिभेसाठी माझं एक पेन चार वर्षं खणात पडून आहे. असे डबे कुणाकडे असतील तर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जरूर कळवा, मी योग्य किंमत देऊन घेईन.

– एक वाचक, पुणे