खाडाखोड झालेले पान

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीच्या निकालानंतर मुलांवरील ताणाविषयी दरवर्षी बरेच लिहिले जाते. परंतु 'आपल्या हातून काहीच चुकता कामा नये' हा हट्ट त्याच्या कितीतरी आधी, पाचवी-सहावीच्या वहीतच रुजतो. ३१ वर्षे मराठी शिकवताना मी हे जवळून पाहिले. एक शब्द चुकला की मुले पानच फाडतात. मग पिनेतून त्याचे जोडपानही सुटते आणि आधी नीट लिहिलेला मजकूर त्याबरोबर जातो. 'खाडाखोड नको' हा शेरा लाल शाईने मीही असंख्य वेळा दिला, हे कबूल करायला हवे.

आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी एक वाक्य विसरले होते. तेव्हापासून, रोज साठ मुलांपुढे बोलत असूनही, 'मला चारचौघांत बोलता येत नाही' असे सांगत मी स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन कायम टाळले. निवृत्तीनंतर एका समुपदेशक बाईंनी तो प्रसंग लिहून काढायला लावला. तिसऱ्यांदा लिहिताना आठवले, की क्षणभर गप्प राहून मी भाषण पुरे केले होते आणि मगच खाली उतरले होते. एवढा भाग माझ्या गोष्टीतून इतकी वर्षे गळालेलाच होता. ही स्वतःची खोटी भलामण नव्हे. स्पर्धेत माझा नंबर आला नव्हता, हे वाक्य माझ्या लिखाणात आजही तसेच आहे.

ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधील डेव्हिड एप्स्टन यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या कथनाधारित उपचारपद्धतीत अशाच गळालेल्या प्रसंगांचा शोध घेतला जातो. माणूस म्हणजे समस्या नव्हे, असे ती मानते. त्यामुळे 'मी धांदरट आहे' यावर न थांबता, चुकण्याची भीती आपल्याकडून काय काय करवून घेते आणि आपण तिचे ऐकले नाही असे कधी घडले, असे प्रश्न या पद्धतीत विचारले जातात.

शाळांनी यासाठी वेगळा तास ठेवावा असे मी म्हणत नाही. आधीच तास कमी पडतात. निबंधाच्या वहीचे डावे पान मात्र कच्च्या मजकुरासाठी राखावे, त्यावरील खाडाखोडीला शेरा देऊ नये आणि ते फाडूही देऊ नये. जूनमध्ये वह्यांना कव्हरे घालतानाच ही सूचना वर्गात दिली, तर अधिक सोयीचे होईल.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा